पीतज्वराचा करारनामा

इ.स. 1898 च्या उन्हाळ्यात अमेरिकेने स्पेनशी जे युद्ध केले ते रणांगणावर जितके झटपट आटोपले तितकेच छावण्यांतून आणि इस्पितळांतून ते रेंगाळले. कारण त्या युद्धात शत्रूच्या गोळीने मेलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या 400 च्याही आत होती, आणि विषमज्वर, हिवताप, अतिसार आणि पीतज्वर यांनी नेलेल्यांची संख्या मात्र 2000 च्या वर गेली. क्यूबातील सांतियागो शहर हाती आल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत त्या मुलखातील अमेरिकन फौजेच्या सेनाधिकाऱ्यांनी, ज्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्टही होते, आपल्या सह्यांनिशी एक खलिता लिहिला: फौज तत्काळ मायदेशी न हलविल्यास ती रोगानेच खलास होईल. हा खलिता वर्तमानपत्रांच्या हाती लागला आणि वॉशिंग्टनमध्ये, तहाची बोलणी ऐन भरात असताना, सरकारची मोठीच पंचाईत झाली.

युद्ध संपले, क्यूबावर अमेरिकेचा लष्करी अंमल बसला, आणि डिसेंबर 1899 मध्ये त्या बेटाचे सुभेदार म्हणून लेनर्ड वुड यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ मूळचे वैद्यकीचे पदवीधर, लष्करी डॉक्टर म्हणून नोकरीला लागलेले आणि मग तलवारीच्या वाटेने वर चढलेले. पीतज्वर हा त्यांच्यापुढचा केवळ आरोग्याचा प्रश्न नव्हता. 1878 साली मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात या ज्वराने सुमारे 20,000 माणसे मारली होती, आणि ही पीडा हवानाच्या बंदरातून जहाजांबरोबर येते अशी अमेरिकेच्या दक्षिणेकडील व्यापाऱ्यांची ठाम समजूत होती. तेव्हा 1900 च्या जूनमध्ये लष्कराचे सर्जन-जनरल जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी मेजर वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली जेम्स कॅरोल, जेसी लझीर आणि अरिस्तिदेस अग्रामोंते यांचे, म्हणजे रीड धरून चौघांचे, मंडळ हवानास धाडले. त्या शहरातील कार्लोस फिनले नावाचे एक वैद्य 1881 पासून सांगत आले होते की, हा ज्वर डास पसरवतो. त्यांचे म्हणणे जवळजवळ वीस वर्षे कोणी मनावर घेतले नव्हते. पण 1897 साली आपल्याकडे सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी, डासामागे एक आणा मोबदला देऊन हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चाववले आणि त्या डासांच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, त्यानंतर डासाला हसण्याची सोय उरली नव्हती.

अडचण अशी की, पीतज्वर जनावरांना होत असल्याचे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे प्रयोग करावयाचा तर तो माणसावरच करणे भाग होते. आणि हा काळ असा होता की, माणसावरील प्रयोगांविषयी अमेरिकेत बरेच वादंग माजले होते. माँटेव्हिडिओ येथे सानारेल्ली नामक इटालियन शास्त्रज्ञाने आपण शोधलेल्या तथाकथित पीतज्वर-जंतूचे द्रव्य पाच जणांच्या शरीरात टोचल्याचे 1897 साली प्रसिद्ध केले, तेव्हा विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या सर्वमान्य वैद्यकाचार्यांनी, त्या माणसाची अनुमती नसेल तर हा गुन्हाच होय, असे भर सभेत ठणकावले. 1900 च्या मार्चमध्ये सिनेटर जेकब गॅलिंजर यांनी राजधानीच्या हद्दीतील मानवी प्रयोगांचे नियमन करणारे विधेयकही मांडले. ते संमत झाले नाही. पण रीड यांनी पुढे जे केले ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे.

प्रथम मंडळाने ठरविले की, डास चाववून घ्यायचा तो आधी आपणच. 27 ऑगस्ट रोजी कॅरोल यांनी डास चाववून घेतला, आणि ते मरणाच्या दारातून परत आले. लझीर यांना सप्टेंबरमध्ये डास चावला. तो इस्पितळात चुकून चावला की त्यांनी मुद्दाम चावू दिला याविषयी आजही एकवाक्यता नाही. 25 सप्टेंबरला त्यांचा अंत झाला. अग्रामोंते क्यूबात जन्मल्यामुळे त्यांना हा ज्वर बाधणार नाही असे धरून चालले होते, आणि रीड स्वतः या सुमारास विषमज्वराचा अहवाल पुरा करण्यासाठी वॉशिंग्टनला होते. परत आल्यावरही त्यांनी स्वतःला डास चाववून घेतला नाही. सहकाऱ्यांनी त्यांना परावृत्त केले म्हणतात. तो निर्णय शहाणपणाचाच होता, तथापि चरित्रकारांना तो वाक्याच्या कडेकडेने ओलांडून जावासा वाटतो खरा.

20 नोव्हेंबर रोजी केमादोस गावाजवळ नवी छावणी उभी राहिली आणि तिला दिवंगत लझीर यांचेच नाव देण्यात आले. तेथे लाकडाच्या दोन लहान खोल्या बांधल्या होत्या. पहिली 14 फूट रुंद आणि 20 फूट लांब, वारा शिरू नये अशी बंदिस्त आणि आत उष्णता कोंडून ठेवलेली. तिच्यात पीतज्वराच्या रोग्यांच्या ओकाऱ्यांनी आणि मलमूत्राने बरबटलेल्या चादरी, उशा आणि कपडे पेट्यांतून आणून टाकले. एक डॉक्टर आणि दोन शिपाई यांनी त्या पेट्या उघडल्या आणि दुर्गंधीने कासावीस होऊन ते बाहेर पळाले, पण थोड्या वेळाने पुन्हा आत गेले आणि सलग 20 रात्री त्या अंथरुणांवर झोपले. तिघांपैकी एकालाही ज्वर आला नाही. दुसरी खोली लख्ख स्वच्छ, मधोमध बारीक जाळीचा पडदा असलेली. एका बाजूस डास सोडलेले, दुसऱ्या बाजूस नाहीत. जॉन मोरन हा तरुण डासांच्या बाजूस नुसता पडून राहिला आणि नाताळच्या दिवशी तापाने फणफणला. जाळीपलीकडे तीच हवा श्वासावाटे घेणारे ठणठणीत राहिले. लक्षावधी रुपयांचा माल ज्या समजुतीपायी बंदराबंदरांतून जाळण्यात आला होता, ती रोग्याच्या कपड्यांतून ज्वर पसरतो ही समजूत या दोन खोल्यांनी पार निकालात काढली.

परंतु आपला विषय डास नाही, माणूस आहे. मोरन आणि किसिंजर हे अमेरिकन तरुण मोबदला नाकारून पुढे आले असे रीड यांनी लिहून ठेवले आहे. उरलेल्यांपैकी बरेचसे स्पेनहून नुकतेच उतरलेले गरीब मजूर होते, आणि त्यांच्याशी रीड यांनी लेखी करार केला. 26 नोव्हेंबर 1900 ची तारीख असलेला असा एक करारनामा व्हर्जिनिया विद्यापीठाच्या दफ्तरात जपून ठेवलेला आहे. त्याचा मजकूर इंग्रजीत आहे तसाच स्पॅनिशमध्येही आहे, म्हणजे सही करणाऱ्याला तो वाचता यावा, निदान वाचून दाखविला असता समजावा, अशी तजवीज केलेली आहे. सही करणारा इसम 25 वर्षांहून अधिक वयाचा असून स्वखुशीने प्रयोगास राजी आहे. ज्वराने आपल्या जिवास काही अंशी धोका आहे हे तो जाणतो. परंतु या बेटावर राहून संसर्ग टाळणे सर्वथा अशक्य असल्यामुळे, उत्तम शुश्रूषेच्या भरवशावर, तो जाणूनबुजून हा धोका पत्करतो. मोबदला 100 डॉलर, अमेरिकन सोन्यात; ज्वर आलाच तर आणखी 100; मृत्यू आल्यास ती रक्कम त्याने नेमलेल्या वारसाला. छावणी सोडून गेल्यास मोबदल्यावरचा हक्क जप्त. अमेरिकन शिपायाला त्या काळी महिना 13 डॉलर पगार होता, हे ध्यानी घेतले म्हणजे 100 डॉलर सोन्याचे वजन कळते.

या दस्तऐवजाचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते यथार्थ आहे. तरी त्यातील वकिली नजरेआड करू नये. जो ज्वर मंडळाच्या एका सभासदाला दोनच महिन्यांपूर्वी घेऊन गेला, त्याचा धोका ‘काही अंशी’ म्हणणे हे सौम्यच झाले. आणि ‘संसर्ग टाळणे अशक्य’ हे कलम तर गरिबाच्या असहायतेलाच कराराचा आधार बनविणारे आहे. अग्रामोंते यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत आणखी एक तपशील आहे. या मजुरांना प्रथम छावणीत जमिनीवरचे दगड वेचण्याच्या कामावर ठेवीत. काम हलके, विश्रांती भरपूर, जेवण पोटभर, तंबूत नीट बिछाना. चार दिवस असे सुखाचे गेले म्हणजे गप्पांच्या ओघात त्यांची माहिती काढून घेत, आणि वयाने लहान, प्रकृतीने अशक्त किंवा कुटुंबाचा भार असलेले मजूर वगळीत. मग डास चाववून घेण्याची गोष्ट निघे. यात क्रूरपणा नाही, उलट पोक्त विचार आहे. पण ज्याने आयुष्यात प्रथमच दोन वेळचे निर्वेध जेवण पाहिले त्याच्या होकारात किती भाग इच्छेचा आणि किती भाग भाकरीचा, हे त्या करारनाम्यावर उमटलेले नाही. मला तरी असे वाटते की, त्या कागदाचा खरा मोठेपणा त्यातील अटींत नसून त्याच्या उघडपणात आहे: सरकारने माणसाकडून काय मागितले हे त्याच माणसाच्या भाषेत लिहून त्याच्या हवाली केले गेले, आणि म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला त्यातील खोड काढता येते.

लझीर छावणीत एकही स्वयंसेवक मेला नाही, याचे श्रेय शुश्रूषेला किती आणि नशिबाला किती हे पुढच्याच वर्षी उघड झाले. हवानाच्या लास आनिमास इस्पितळात हुआन गितेरास यांनी चालविलेल्या प्रयोगांत तिघे दगावले. त्यांत क्लारा मास ही 25 वर्षांची अमेरिकन परिचारिका होती, जी 24 ऑगस्ट 1901 रोजी मरण पावली. लोकमत खवळले आणि हवानातील असले प्रयोग थांबले. दरम्यान विल्यम गॉर्गस यांनी शहरातील रांजण, पिंपे आणि गटारे यांच्यावर रॉकेल ओतून, जाळ्या बसवून, दंड आकारून, काही महिन्यांत हवाना ज्वरमुक्त करून दाखविले.

ही वैद्यकीय विजयवार्ता राजकारणाच्या वहीत कशी जमा झाली तेही पाहण्यासारखे आहे. मार्च 1901 मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्लॅट दुरुस्ती संमत केली आणि क्यूबाला स्वातंत्र्य हवे असेल तर या अटी आपल्या राज्यघटनेत दाखल कराव्यात असे बजावले. त्यांतील पाचवे कलम शहरांच्या स्वच्छतेचे आहे: साथी पुन्हा उद्भवू नयेत, क्यूबाच्या लोकांचे व व्यापाराचे, तसेच अमेरिकेच्या दक्षिणी बंदरांच्या व्यापाराचे रक्षण व्हावे. सातवे कलम आरमारी तळांसाठी जमीन देण्याचे. या सातव्या कलमातून 1903 साली ग्वांतानामोचा पट्टा झाला, त्याकडे पुढे यायचेच आहे.

स्पेनशी झालेल्या त्याच युद्धात अमेरिकेच्या पदरी पडलेल्या फिलिपाइन्समध्ये करारनाम्याचा मासला कोणी नेला नाही. मनिलाच्या बिलिबिद तुरुंगात 1906 साली सरकारी प्रयोगशाळेचे प्रमुख रिचर्ड स्ट्राँग यांनी 24 कैद्यांना पटकीची नवी लस टोचली; तिच्यात प्लेगचे जंतू मिसळले गेले होते आणि 13 कैदी मेले. चौकशी झाली, स्ट्राँग यांच्यावरचा ठपका टिकला नाही, आणि पुढे हार्वर्डमध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

नंतर, दुसरे महायुद्ध सरल्यावर, न्यूरेंबर्ग. अमेरिकन लष्करी न्यायाधिकरणासमोर 23 जर्मन आरोपींवर, ज्यांत बहुतेक डॉक्टरच होते, माणसांवर केलेल्या प्रयोगांबद्दल खटला चालला. ऑगस्ट 1947 मध्ये 16 दोषी ठरले, त्यांतील 7 जणांना फाशीची शिक्षा झाली, आणि निकालपत्रात दहा तत्त्वे नमूद झाली, ज्यांतील पहिले प्रयोगपात्र माणसाच्या स्वेच्छासंमतीचे. आरोपींच्या वकिलांनी इलिनॉयच्या तुरुंगात अमेरिकन डॉक्टरांनीच कैद्यांना हिवताप दिल्याचा दाखला देऊन खटल्यात बरीच खळबळ उडविली होती. ती तत्त्वे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वतःस लागू केली 26 फेब्रुवारी 1953 रोजी, मंत्री चार्ल्स विल्सन यांच्या सहीच्या आदेशाने: अणू, जैविक व रासायनिक युद्धाच्या संशोधनात माणसाची लेखी संमती, साक्षीदारासमक्ष. आदेश नमुनेदार होता. फक्त त्यावर ‘परम गोपनीय’ असा शिक्का होता, आणि तो उठला 1975 साली! ज्या शिपायाला नकाराचा हक्क दिला त्यालाच त्या हक्काचा पत्ता नव्हता. 1958 मध्ये अशाच एका सैनिकाला न कळविता एलएसडी पाजण्यात आले. कित्येक वर्षांनी त्याने सरकारवर दावा लावला, तेव्हा 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. सेवेत असताना झालेल्या इजेबद्दल सैनिकाला असा दावा लावता येत नाही, असा न्यायालयाचा रोख होता. भिन्नमत नोंदविणाऱ्यांनी न्यूरेंबर्गची आठवण करून दिली.

आणि आता ते सातवे कलम. ग्वांतानामोच्या तळावर 2002 पासून बंदी ठेवले जात आहेत. 2013 साली तेथील 166 बंद्यांपैकी शंभरावर अन्नत्यागास बसले, आणि अनेकांना खुर्चीला जखडून नाकातून नळी घालून अन्न देण्यात आले. जागतिक वैद्यक संघटनेच्या माल्टा जाहीरनाम्याप्रमाणे, शुद्धीवर असलेल्या आणि समजून-उमजून उपवास करणाऱ्या माणसाला बळाने अन्न देणे कोणत्याही परिस्थितीत नीतिसंमत नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्या एप्रिलमध्ये संरक्षणमंत्र्यांना तसे कळविलेही. सरकारची बाजू अशी की, आपल्या ताब्यातील माणसाला मरू देणे हेही दुष्कृत्यच. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणवत नाही. पण लष्करी डॉक्टर येथे रुग्णाचा की सरकारचा, हा प्रश्न तसाच राहतो. 2014 मध्ये आरमारातील एका परिचारकाने हे काम करण्यास नकार दिला. त्याला सेवेतून काढण्याचे घाटत होते, अमेरिकन परिचारिका संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि ती कारवाई पुढे मागे घेण्यात आली. लष्कराने मात्र त्याआधीच, डिसेंबर 2013 मध्ये, अन्नत्याग करणाऱ्यांचा आणि नळीने अन्न दिल्या जाणाऱ्यांचा जो रोजचा आकडा वार्ताहरांना मिळत असे, तो देणे बंद केले होते; असे आकडे जाहीर केल्याने बंद्यांच्या निषेधाला हातभार लागतो, असे कारण देण्यात आले.