उसने चेहरे

डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली जुनी माणसे सांगत. ऐकलेले खोटे असू शकते, पाहिलेले खरे, हा त्याचा अर्थ. चित्रफितीवर आपण विश्वास ठेवला तो याच न्यायाने. कॅमेऱ्यापुढे काहीतरी घडल्याखेरीज चित्र उमटणार कसे? २०२५ साली अमेरिकेत हे चार बोटांचे अंतरही पुसले गेले आणि तेही करमणुकीच्या नावाने.

त्या वर्षी २५ सप्टेंबरला ‘मेटा’ने ‘व्हाइब्स’ आणले आणि पाचच दिवसांनी ‘ओपनएआय’ने ‘सोरा’ हे ॲप. सोरा आरंभी फक्त अमेरिका व कॅनडातील आयफोनवर होते, तेही निमंत्रण मिळालेल्यांनाच. तरी पाच दिवसांच्या आत दहा लाखांहून अधिक फोनांत ते जाऊन बसले. दोन ओळी लिहिल्या की यंत्र काही सेकंदांची बोलकी चित्रफीत करून देई. एक संपली, बोट वर सरकवले, की दुसरी हजर.

हे बोट सरकवणे मात्र नवे नव्हे. पानाला शेवटच ठेवायचा नाही, ही युक्ती २००६ सालची. ती काढणारे एझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपले की माणूस उठतो, पाणी पितो, घड्याळ पाहतो. ती उसंतच या युक्तीने काढून घेतली. तरीही आजवर एक लगाम शिल्लक होता: कोणीतरी प्रत्यक्ष गावे, नाचावे, स्वयंपाक करून दाखवावा लागे. माणूस दमतो. यंत्र दमत नाही. आणि जाहिरातींवर चालणाऱ्या धंद्याला हवा असतो आपला वेळ. चित्र खरे की खोटे, हा प्रश्न त्याच्या हिशेबात येत नाही.

मग याची किंमत मोजतो कोण? सोरामध्ये जिवंत माणसाच्या चेहऱ्यासाठी त्याची संमती लागे. इतिहासात जमा झालेल्यांसाठी ती अट नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अवमानकारक चित्रफिती निघाल्या; वारसांनी हरकत घेतल्यावर ऑक्टोबरात कंपनीने त्या थांबवल्या. ‘चाची ४२०’ ज्या कथेवरून आपल्याला परिचित झाली, त्या ‘मिसेस डाउटफायर’चे नायक रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये वारले. त्यांच्या यंत्रनिर्मित चित्रफिती लोक त्यांची मुलगी झेल्डा हिलाच पाठवू लागले. हे थांबवा, अशी जाहीर विनवणी तिला करावी लागली. पाठवणाऱ्यांपैकी काहींना कदाचित वाटलेही असेल, की लेकीला बरे वाटेल!

सोराच्या चित्रफितींवर खूण असे; ती पुसण्याची साधने काही दिवसांतच निघाली. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२६ मध्ये अशा चित्रफितींवर ‘कृत्रिम’ असे नमूद करण्याचे बंधन आले. नियम हवेतच. पण शिक्का फार तर चित्र बनावट आहे एवढे सांगेल. ते करावे का, पुढे पाठवावे का, हे सांगणार नाही.

आपल्या भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो असतो. उद्या हौसेने कोणी त्याला बोलते केले, आणि आजोबा कधीच न बोललेले शब्द नातवाच्या लक्षात राहिले, तर? त्यांच्या वतीने नाही म्हणायला घरच्यांशिवाय कोण आहे?