युनियन म्हणजे अमानत

पनवेलजवळच्या कोन गावात गिरणी कामगारांसाठी इमारती आहेत. 2016 साली म्हाडाने तिथल्या 2,417 घरांची सोडत काढली. घराची चिठ्ठी निघेपर्यंत अनेकांची हयात सरली होती. 18 जानेवारी 1982 पासून मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पण 1946 च्या कायद्याने त्यांचा प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. कामगार एका बाजूला आणि त्याच्या नावाने बोलण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला!

हा प्रश्न जुना झालेला नाही. तळोजा, पाताळगंगा भागातल्या कारखान्यांत आपल्या घरांतली मुले जातात. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याप्रमाणे सहा महिने किमान 30 टक्के सभासद असलेली युनियन मान्यता मिळवू शकते. एखाद्याला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवले, तर या कायद्याखालची ती तक्रार न्यायालयात फक्त मान्यताप्राप्त युनियनच चालवू शकते. अशी युनियन नसेल तरच कामगार स्वतः उभा राहू शकतो. आता तो तरुण पदाधिकाऱ्यांच्या गटातला नसेल, किंवा नुसते त्याचे नावच वेगळे असेल, तर? ‘एका माणसासाठी मॅनेजमेंटशी कशाला बिघडवायचे?’ म्हणून अर्ज कपाटात पडून राहतो.

अमेरिकेत रेल्वेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या काळ्या फायरमनांवर हेच गुदरले. युनियन गोऱ्यांची, काळ्यांना सभासदत्व नाही, पण करार सर्वांच्या नावाने; आणि तो काळ्यांनाच कामावरून हटवणारा. स्टील नावाचा कामगार न्यायालयात गेला. 1944 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सर्वांच्या वतीने बोलण्याचा हक्क घेतला की सर्वांशी भेदभाव न करता वागण्याची जबाबदारीही येते. आपल्या कायद्यात हक्क ठळक आहे, ही जबाबदारी मात्र पुसट.

आपल्या भाषेत ही अमानत झाली. अमानत हक्कदाराला पोचवण्याचा हुकूम सूरह निसामध्येच आहे, आणि त्याच सूरहची 135 वी आयत नातलगांविरुद्धही इन्साफवर कायम राहायला सांगते. अर्थात प्रत्येक तक्रार युनियनने शेवटपर्यंत लढवावी असे नाही. चौकशी करून, कारण सांगून नकार देता येतो. तोंड पाहून नव्हे.

काहीजण आपल्या समाजाची वेगळी युनियन काढा म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. दहा-वीस माणसांची युनियन मान्यतेपर्यंत पोचणार कशी? त्यापेक्षा आहे त्या युनियनची वर्गणी भरावी, सभेला जावे, तक्रार लेखी देऊन प्रतीवर तारखेसह सही घ्यावी. कामावरून काढलेच, तर युनियनची वाट पाहत बसू नये. 1965 च्या दुरुस्तीपासून असा कामगार एकटाही दाद मागू शकतो, आणि 2020 च्या नव्या संहितेतही ती सोय आहे. मुदत असते, म्हणून कामगार कार्यालय लवकर गाठावे. घरातल्या भगिनींनी पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, मेमो एका फाईलमध्ये ठेवावेत. आमच्या पाहण्यात असे कागद पहिल्या साफसफाईतच रद्दीत जातात.