भिलाई ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादनगरी म्हणून ओळखले जाते. येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेसाठी रूळ घडवणारे हे शहर मुंबई-हावडा लोहमार्गावर आहे. शेजारच्या दुर्ग स्थानकापासून नागपूरमार्गे मुंबई सुमारे ११०० किलोमीटर असून जलद गाड्यांना साधारण १८ ते २० तास लागतात.

हवाई प्रवासाचे गणित मात्र वेगळे आहे. शहराजवळ नंदिनी येथे पोलाद कारखान्याची धावपट्टी आहे. परंतु तेथून नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे रायपूरजवळील माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळ गाठावा लागतो. मुंबई पश्चिमेस असताना भिलाईच्या प्रवाशाला आधी सुमारे ४५ किलोमीटर पूर्वेकडे जावे लागते.

रायपूर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ९६० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरल्यास हा प्रवास सव्वा तासात संपायला हवा. वेळापत्रकात मात्र पावणेदोन ते दोन तासांचा कालावधी दिसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा संपूर्ण वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरताना वेग कमी करणे यांत बराच वेळ जातो. मुंबई विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे त्या काळात मुंबईकडे येणाऱ्या विमानाला परतीच्या विमानापेक्षा काहीसा अधिक वेळ लागू शकतो.

घरापासून घरापर्यंतचा हिशेब केल्यास चित्र आणखी स्पष्ट होते. विमानतळ गाठण्यासाठी सुमारे दीड तास, उड्डाणापूर्वीचे दोन तास, प्रत्यक्ष विमानप्रवासाचे दोन तास आणि सामान घेऊन मुंबईतील इच्छित ठिकाणी पोहोचण्यासाठी किमान दीड तास, असे एकूण सात तास होतात. त्यातील हवेतला वेळ एक चतुर्थांशाच्या आसपासच असतो.

उपचारासाठी रुग्णाला मुंबईस नेणाऱ्या कुटुंबाला किंवा मुलाखतीस निघालेल्या उमेदवाराला हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. सकाळी अकराच्या विमानाने निघालेल्या प्रवाशाला दुपारी दोनची भेट गाठणे कठीण आहे. रेल्वेच्या तुलनेत विमानाने निम्म्याहून अधिक वेळ वाचतो, हे खरे. मात्र भेटीची वेळ ठरवताना तिकिटावरील दोन तास नव्हे, तर संपूर्ण प्रवासाचे सात तास गृहीत धरणेच हिताचे आहे.