गच्चीवरचा पांढरा शंकू

अंधेरीतल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आला की डोकेदुखी, निद्रानाश साऱ्याचा संशय तिकडेच जातो. अशा टॉवरजवळ पाइपवर बसवलेला, पेल्याएवढा पांढरा शंकू अनेकदा दिसतो. तो मात्र पूर्ण निर्दोष आहे. काहीही प्रक्षेपित न करता तो फक्त ऐकतो.

ही जीपीएसची ‘टायमिंग अँटेना’. आपल्याकडच्या 5जी सेवेत बोलणे आणि ऐकणे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालते. त्यासाठी शेजारच्या टॉवरांची घड्याळे साधारण दीड मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागतात. ती वेळ मिळते सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांतल्या अणुघड्याळांकडून. तिथून येणारा संदेश इतका क्षीण असतो, की शंकूतच तो वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवावा लागतो.

टॉवर बदलला की हे शंकू भंगारात जातात. इलेक्ट्रॉनिक्सचे हौशी विद्यार्थी अशा वस्तूंच्या शोधात ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालतात. गाडीतली जीपीएस अँटेना चपटी, चुंबकाची आणि बारीक वायरची असते. हिच्या तळाशी मात्र बहुधा जाड, आट्यांचा कनेक्टर असतो. लेबलवरचा मॉडेल क्रमांक वाचता आला तर निम्मे काम झाले, कारण किती व्होल्ट द्यायचे ते त्यावरून शोधता येते.

संदेश ज्या केबलमधून खाली येतो, तिच्यातूनच वीज वर जाते: मधली तार धन, बाहेरची जाळी ऋण. बहुतेक अँटेनांना 5 व्होल्ट लागतात, काहींना 3.3, तर काहींना 12. लेबल पुसले असेल तर औषधासारखेच करावे, कमी मात्रेने सुरुवात. करंटवर मर्यादा घालून आधी 3.3 व्होल्ट द्यावेत. काही दहा मिलिअँपिअर ओढले, तर अ‍ॅम्प्लिफायर बहुधा जिवंत आहे. काहीच ओढले नाही तर लगेच मृत ठरवू नये, 5 व्होल्टवर पाहावे. करंट एकदम मर्यादेला भिडला तर थांबावे. आत पाणी शिरले असेल किंवा शॉर्ट असेल. खरी परीक्षा मात्र मोकळ्या आकाशाखाली, रिसीव्हर जोडूनच होते. वीज वेगळी देत असाल तर ती रिसीव्हरमध्ये शिरू न देणारा ‘बायस-टी’ मध्ये हवा.

चालू टॉवरवरचा शंकू काढण्याचा मोह मात्र नको. टॉवरचे स्वतःचे घड्याळ काही तास तग धरते; मग वेळ सरकते आणि आसपासचे कॉल बिघडू लागतात. त्यांत कुणाचा 108ला केलेला फोनही असू शकतो. शिवाय शेजारच्या लांबट पॅनेल अँटेना खरोखरच प्रक्षेपण करतात. अगदी जवळून त्यांच्यासमोर उभे राहू नये.