पांढऱ्या रेघेचा धडा

गडद निळ्या शर्टाच्या बाहीवर कधीकधी एक बारीक पांढरी रेघ दिसते. कितीही धुतली, घासली तरी ती जात नाही. असा शर्ट परदेशी खरेदीदाराच्या तपासणीत सापडला, तर सगळा माल नाकारला जाण्याची धास्ती असते. दोष रंगाऱ्याचा नसतो आणि विणकराचाही नसतो. ती रेघ बहुतेक वेळा कापसाच्या शेतात, वेचणीच्या दिवशीच त्या शर्टात शिरलेली असते.

शेतात म्हणजे कुठे, तर उदाहरणार्थ कपिलधारच्या आसपास. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण लागतं. तिथे धबधबा आहे आणि मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, दूरदूरचे लिंगायत भाविक पायी येतात. नेमक्या याच दिवसांत बीड जिल्ह्याच्या शिवारात बोंडं फुटलेली असतात. यात्रेला येणारा माणूस रस्त्याच्या दुतर्फा जे पांढरं रान बघतो, त्याचा काही भाग पुढे सूत होऊन समुद्रापार जातो.

आधी त्या बोंडाकडेच नीट बघावं, कारण तिथे जे घडतं ते थक्क करणारं आहे. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. एकच! डोळ्यांना न दिसणारी ही पेशी फूल उमलल्यापासून तीनेक आठवडे लांबत जाते आणि जवळजवळ तीन सेंटिमीटरपर्यंत पोचते. तिची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते, म्हणजे लांबी जाडीच्या हजारपटीहून जास्त. मग लांबणं थांबतं आणि आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात. एकेका सरकीवर असे दहा-पंधरा हजार तंतू असतात. बोंड फुटलं की ते वाळतात, चपटे होतात आणि स्वतःभोवती पीळ घेतात. हा नैसर्गिक पीळ आहे म्हणूनच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत निघतं. माणसाने चरखा शोधायच्या कितीतरी आधी कापसाने पिळण्याची तयारी करून ठेवलेली होती.

आता या नाजूक कारभारात खताच्या रिकाम्या गोणीचा एक धागा पडतो. वेचलेला कापूस त्याच गोणीत भरतात, तोंड प्लॅस्टिकच्या सुतळीने बांधतात. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते, पण तो धागा रुईबरोबरच पुढे जातो. सूतगिरणीच्या पिंजण यंत्रात त्याचे बारीक तुकडे होतात आणि किलोच्या किलो सुतात पसरतात. कापडाला रंग देताना कापसाचं सेल्युलोज रंग पकडतं. गोणीच्या धाग्यातलं पॉलिप्रॉपिलीन मात्र तो पकडत नाही, म्हणून रेघ पांढरी राहते. बाईच्या डोक्यावरचा एक केस, पानाचा वाळका चुरा, तागाचा तंतू, प्रत्येकाचा कापडावर आपापला डाग. झुरिकची एक आंतरराष्ट्रीय संघटना जगभरच्या सूतगिरण्यांना विचारून कुठल्या देशाच्या कापसात किती भेसळ सापडली याची पाहणी वर्षानुवर्षं करत आली आहे, आणि भारतीय कापसाच्या काही वाणांचं नाव त्यात वाईट बाजूला लागत आलेलं आहे.

म्हणून टिकाऊ वस्त्रोद्योगाचं शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिझाइनची शाळा, संगणकावरचे नमुने आणि रॅम्प येतो, तेव्हा मला वाटतं की आपण शेवटच्या पानापासून वाचायला लागलो आहोत. पहिला वर्ग वेचणीचा. तिथले धडे साधे आहेत आणि प्रत्येकामागे शास्त्र आहे. दव सुकल्यावरच वेचायला लागायचं, कारण ओला कापूस साठवला की तापतो, पिवळा पडतो. खालच्या बोंडांपासून वर जायचं, म्हणजे वरच्या वाळल्या पानांचा चुरा खालच्या फुटलेल्या बोंडात पडत नाही. डोक्याला सुती फडकं बांधायचं. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस वेगळा ठेवायचा. ओटीला आणि भरायला सुतीच कापड वापरायचं.

या शिक्षणात आज युरोपची भागीदारी असते. युरोपशी कापडाचं नातं इथे जुनंच आहे, पण ते पूर्वी एका दिशेने वाहत होतं. 1866 साली लंडनच्या इंडिया ऑफिसमधल्या जॉन फोर्ब्ज वॉटसन यांनी भारतीय कापडांचे 700 नमुने 18 खंडांत चिकटवून त्यांचे 20 संच केले. 13 संच ब्रिटनमध्ये राहिले, 7 भारतात आले. उद्देश उघड होता. इथल्या माणसाला काय आवडतं हे तिथल्या गिरणीवाल्यांनी शिकावं आणि तसं कापड विणून इथेच विकावं. इथल्या कारागिराला त्या शाळेत जागा नव्हती. पुढे 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. बाहेरचं यंत्र घेऊन आपलं गाव उभं करता येतं हे त्या शहराने दाखवलं.

दोन्ही बाजूंनी मापाची भाषा एक करण्याचं काम मात्र 1924 मध्ये मुंबईत माटुंग्याला सुरू झालं. डॉ. ए. जे. टर्नर हे इंग्रज शास्त्रज्ञ तिथल्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक. आज ती सिरकॉट म्हणून ओळखली जाते. तंतूची लांबी, बळ, जाडी मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत स्वित्झर्लंडच्या उस्टर गावच्या कंपनीचं नाव मोठं आहे. जगभरच्या सुताची तुलना करणारे तिचे आकडे 1957 पासून प्रसिद्ध होतात. जर्मनीतल्या ब्रेमेनला 1872 पासून कापूसबाजार आहे. तिथून एकाच कापसाचे नमुने अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना पाठवतात आणि सगळ्यांचे आकडे जुळतात का ते बघतात. सिरकॉटही अशा चाचण्यांत भाग घेते. म्हणजे बालाघाटच्या पायथ्याचा 28 मिलिमीटरचा तंतू ब्रेमेनलाही 28 मिलिमीटरच भरावा, याची काळजी दोन्ही टोकांना घेतली जाते. मला हे फार मोठं वाटतं. मोजणीवर विश्वास नसेल तर भागीदारी कसली?

रंगाचंही तसंच. जर्मनीने 1990 च्या दशकात काही अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली, कारण त्यांतून कर्करोगाला कारण ठरणारी अमाइनं सुटतात. 1997 पर्यंत भारतानेही अशा 112 रंगांवर बंदी आणली. कायदा तिकडे झाला आणि आपल्या रंगाईघरांना नव्याने शिकावं लागलं. फायदा रंगाच्या टाकीशी उभ्या असलेल्या आपल्याच कामगाराचाही झाला.

शेतापर्यंत पोचलेल्या भागीदाऱ्याही आहेत. जिनिव्हा आणि लंडनहून चालणाऱ्या बेटर कॉटन या उपक्रमाचं पहिलं भारतीय पीक 2010-11 च्या हंगामात आलं. त्यात साधारण 35 शेतकऱ्यांचा गट करतात आणि गावाजवळचाच प्रशिक्षक त्यांना शिकवतो: कामगंध सापळे कधी लावायचे, फवारणी कधी टाळायची, फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक रानात ठेवलं, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर कसं मिळतं. नर्मदेकाठी, महेश्वरच्या पलीकडे कसरावदला स्विस संस्थांच्या साथीने 2007 पासून एक दीर्घ प्रयोग चालू आहे. सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी-शेजारी ठेवून कापूस, सोयाबीन, गहू यांची तुलना तिथे होते. सुरुवातीच्या वर्षांत सेंद्रिय कापसाचं उत्पादन कमी आलं, पण खर्चही बराच कमी झाला. महेश्वरचं नाव निघालं की बीडच्या सीमेलगतच्या जामखेड तालुक्यातलं चौंडी आठवतंच. तिथे जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले होते.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या ‘भारत टेक्स’ प्रदर्शनात युरोपीय संघाने भारतीय वस्त्रोद्योग आणि हस्तकलेसाठी सात प्रकल्प पुढे आणले, एकूण 95 लाख युरोंचे. युरोपात 1 जानेवारी 2025 पासून जुनं कापड वेगळं गोळा करणं सदस्य देशांवर बंधनकारक आहे. 2024 च्या युरोपीय कायद्याने वस्तूंना डिजिटल पासपोर्ट देण्याची वाट मोकळी झाली आणि कपडे त्यात अग्रक्रमावर आहेत. उद्या शर्टावरच्या चौकोनी खुणेवर फोन धरला की माल कुठून आला ते दिसावं, असा त्याचा रोख आहे. आपल्याकडेही ‘कस्तुरी कॉटन भारत’ हा ब्रँड 2020 मध्ये जाहीर झाला आणि त्यातही गाठीचा माग ठेवण्यावर भर आहे.

तो माग मागे मागे जात शेवटी वेचणाऱ्या बाईपाशी थांबतो. तिची मजुरी किलोवर ठरते. फडकं बांधून, कवडी वेगळी काढून, चुरा झटकून वेचलं तर दिवसाचे किलो कमी भरतात आणि पैसेही कमी पडतात. शिवाय बीडमध्ये दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात, म्हणजे बोंडं फुटतात तेव्हाच हात कमी. तिला तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र दिलं आणि दर तोच ठेवला, तर ती घाई करणारच. मी तिच्या जागी असतो तर मीही केली असती.

म्हणून युरोपातल्या विद्यापीठांशी आणि संस्थांशी करार करणाऱ्या आपल्या महाविद्यालयांना, जिनिंगवाल्यांना आणि शासनाला माझी एक विनंती आहे. त्या करारात एक कलम घाला: स्वच्छ वेचणीला किलोमागे वाढीव दर मिळेल, आणि तो वेचणाऱ्या बाईच्या हातात मिळेल.