चिखलातले रबरी दूध

कवी माणूस चिखलावर बोलणार म्हटल्यावर हसू येणारच. पण हा चिखल वेगळा आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, ‘सागर सम्राट’ने १९७४ साली बॉम्बे हायचे तेल शोधले. २१ मे १९७६ला उत्पादन सुरू झाले. तिथला वायू उरणला येतो आणि त्यातला काही भाग सिलिंडरमधून आपल्या शेगडीपर्यंत पोचतो.

अशी विहीर खोदताना पोकळ नळीतून सतत चिखल सोडावा लागतो. कामगार त्याला ‘मड’ म्हणतात. पाणी, बेंटोनाइट माती आणि वजनासाठी बराइटची पूड. तो पाते थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो. मुख्य म्हणजे आपल्या भाराने खालचा वायू दाबून धरतो. वायू अनावर झाला की विहीर उसळते. १९८२ साली ‘सागर विकास’वर ती उसळली होती.

अडचण येते ती शेल या चिकणमातीच्या खडकात. मडमधले पाणी त्याच्या बारीक भेगांत शिरते, माती फुगते, भिंत ढासळते आणि नळी आत अडकते. बेंटोनाइटचे कण या भेगांना मोठे पडतात. तेलाचा मड वापरला तर पाणी शिरत नाही, पण तेलाने माखलेला चुरा समुद्रात कसा टाकायचा?

इथे कृत्रिम रबराचे लॅटेक्स उपयोगी पडते. स्टायरीन आणि ब्युटाडाइनपासून केलेले हे रबर पाण्यात तरंगत असते. दिसायला थेट दूध. एकेक कण केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्शाएवढा, शिवाय मऊ. कुर्ल्याच्या गॅरेजात ट्यूबलेस टायरमध्ये पांढरे औषध भरतात ना? भोक पडले की आतल्या हवेचा दाबच त्याला भोकात नेऊन बसवतो. विहिरीतही तेच. मडचा दाब रबराचे कण भेगेच्या तोंडाशी ढकलतो, ते चेपून एकमेकांना चिकटतात आणि पातळ पापुद्रा धरतो.

पण दुधात मिठाचा खडा पडला तर? मडमध्ये मीठ असतेच, आणि मिठाने लॅटेक्सही फाटते, गोळे होतात. म्हणून साबणाच्या जातीचे एखादे द्रव्य घालून कण वेगवेगळे ठेवावे लागतात. शीरखुर्मा करणाऱ्या बाईला ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही.

हेच लॅटेक्स विहिरीच्या सिमेंटमध्येही घालतात. सिमेंट घट्ट होत असताना वायू त्यातून वाट काढू पाहतो. तिथेही हे कण त्याची वाट अडवतात.