सोसायटीच्या सभेत उठून बोलताना

बदलापूरच्या कात्रपमध्ये इमारतींची दाटी वाढली, तशा गृहनिर्माण सोसायट्याही वाढल्या. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथे पाण्याचा, लिफ्टचा, गळतीचा निर्णय होतो, आणि तो बहुतेक वेळा जे तीन-चार जण उठून बोलतात त्यांच्या मताने होतो. बाकीच्यांना मत नसतं असं नाही. ते घरी गेल्यावर स्वयंपाकघरात बोलतात. सभेत बोलणं ही उपजत देणगी आहे, हा समज त्यांना गप्प बसवतो. खरं तर ते शिकता येणारं काम आहे आणि शिकायला वेळही मिळतो, कारण सभेची नोटीस उपविधींप्रमाणे पूर्ण 14 दिवस आधी यावी लागते.

नोटीस हातात पडली की विषयपत्रिका वाचा आणि बोलण्यासाठी एकच विषय निवडा. मग सभेने काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते एका वाक्यात लिहा. ‘पाण्याचा प्रश्न गंभीर आहे’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावर सगळे माना डोलावतील आणि पुढे काहीच होणार नाही. ‘गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलजवळ जिरवण्यासाठी तीन कोटेशनं मागवावीत’ हे वाक्य चालेल. त्याचा ठराव होऊ शकतो. त्याला सूचक आणि अनुमोदक मिळू शकतो.

आता बांधणी. यासाठी नारदीय कीर्तनासारखा दुसरा गुरू नाही. पूर्वरंगात कीर्तनकार एक पद घेऊन त्याचं निरूपण करतात. मध्ये नामगजर होतो. उत्तररंगात तोच विचार मनात ठसवणारं आख्यान लावतात आणि शेवटी मूळ पदावर येतात. म्हणजे आधी सिद्धान्त, मग त्याचं कारण, मग गोष्ट आणि अखेर पुन्हा सिद्धान्त. तीन मिनिटांच्या बोलण्यालाही हाच क्रम पुरतो.

यातलं आख्यान म्हणजे तुमचा दाखला. तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभा राहायला हवा. ‘पावसाचं भरपूर पाणी वाया जातं’ असं म्हटलं तर कानावरून जाईल. त्याऐवजी असं सांगा: ‘आपली गच्ची 300 चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला की तिच्यावर 300 लिटर पाणी पडतं. जुलैत एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 15,000 लिटर झालं. 10,000 लिटरचा टँकर धरला तर दीड टँकर पाणी त्या एका दिवसात आपण गटारात सोडतो.’ इतकं बोलून क्षणभर थांबा. टँकरचं बिल भरणारा प्रत्येक जण तेवढ्या वेळात मनातल्या मनात हिशेब करतो.

मग सराव. इथेच बहुतेकांचं चुकतं. ते भाषण लिहून काढतात आणि मनात वाचत बसतात. डोळ्यांना सोपं वाटणारं वाक्य जिभेला जड जातं, हे मोठ्याने बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून कागदावर फक्त चार मुद्दे ठेवा आणि उभं राहून, आवाज काढून बोला. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय आहे ना’ किती वेळा आलं ते मोजा. जिथे ते आलं, तिथे पुढचा मुद्दा पक्का नव्हता. सावकाश बोलताना मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास. 1924 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सच्या क्लबांत पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा दाखवतात. घरी मोबाइलचा टायमर तेच काम करेल.

भीतीचं काय? अनेक नजरा एकदम वळल्या की शरीर धोका आहे असं धरून चालतं. अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वरच्यावर चालतो आणि म्हणून वाक्याच्या शेवटी आवाज बसतो. यावर उपाय श्वासातच आहे. चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, त्यामुळे लांब उच्छ्वासाने शरीर निवतं. पहिली दोन वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. भीती सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. तेवढा टप्पा पाठांतराने पार पडला की पुढचं सुचत जातं.

माइक असेल तर तो हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटांवर धरा. स्पीकरच्या समोर उभे राहू नका. स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो, तीच ती कर्कश शिट्टी. पडद्यावर स्लाइड दाखवायची असेल, तर तिच्यावर एकच आकडा किंवा एकच फोटो ठेवा. लोक वाचत असतात तेव्हा ऐकत नाहीत.

शेवटी कुणीतरी विचारणारच, ‘पैसे कोण देणार?’ प्रश्न पूर्ण ऐका आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा एकदा म्हणा. तेवढ्यात उत्तरही जुळतं. माहीत नसेल तर ‘कोटेशन आल्यावर सांगतो’ म्हणा. खोटा आकडा एकदा पकडला गेला की खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

या सगळ्याला 14 दिवस पुरेसे आहेत, रोज दहा मिनिटं दिली तरी. यंदाची नोटीस आली की ती फ्रिजवर लावून ठेवू नका. त्यातला एक विषय उचला, एक वाक्य लिहा आणि सभेत हात वर करा. तुमच्या इमारतीचे निर्णय तुमच्या आवाजासकट झाले पाहिजेत.